दुकानाचं नाव कापल्यावर

सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत एक रीत होती. वर्ष संपलं की कॅलेंडरवरच्या तारखा आणि दुकानाचं नाव कापून टाकायचं, आणि वरची लक्ष्मी चौकटीत बसवून देवाजवळ लावायची. आपल्याला वाटायचं, जाहिरात गेली, देव राहिला. माझी शंका इथेच आहे. जाहिरात खरंच गेली का?

त्यासाठी औंधला जाऊ. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची 'सैरंध्री' आहे. कीचकाकडे जावं लागणार म्हणून धास्तावलेली द्रौपदी. तिच्यासमोर उभं राहिलं की आपणही अवघडतो.

याच रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर देव आला. हे काम लहान नाही. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ मध्ये मांडलं की यंत्रावर प्रती निघू लागल्या की कलाकृतीचं तेजोवलय ओसरतं. आपल्याकडे उलटंच झालं बघा! औंधच्या मूळ चित्राला कुणी हळदकुंकू वाहत नाही, छापील प्रतीला वाहतात.

मग व्यापारी आला. ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरवर बाळकृष्ण आला. व्यापाऱ्याला काय हवं असतं? तुमच्या भिंतीवरचे बारा महिने. आता सांगा, धास्तावलेली सैरंध्री बारा महिने कोण टांगून ठेवील? म्हणून चित्रातून आधी भीती गेली, मग थकवा गेला. गोरेपणाची ओढ रविवर्म्यांपासूनच होती, कॅलेंडरने ती पक्की केली. सावळा कृष्णसुद्धा निळसर, गुळगुळीत झाला. रघुवीर मुळगावकरांचा हात विलक्षण होता, त्यांच्या रंगांची झळाळी आजही डोळ्यांत भरते. पण त्या गुलाबी गालांत उसाच्या फडात राबणारी बाई शोधून पाहा. सापडत नाही.

हे आपल्यापुरतंच नाही. मेक्सिकोत हेसूस एल्गेरा यांनी ज्वालामुखींच्या दंतकथेतली राजकन्या रंगवली. सिगारेट कंपनीच्या कॅलेंडरांसाठीही ते चित्रं काढत. ती चित्रं लोकांनी आपला वारसा म्हणून घरात लावली. तिथेही मूळ रहिवाशांचे कष्टाचे चेहरे बाजूला राहिले आणि देखणे, नाटकी देह पुढे आले.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की कात्रीने नाव कापता येतं, निवड कापता येत नाही. कोणता चेहरा मंगल, कोणता नको, हे माल खपवण्याच्या सोयीने ठरलं आणि आपण त्याला चौकट केली. पुढे त्याच डोळ्यांनी आपण मुलगी बघायला जातो आणि 'रंग जरा कमी आहे' म्हणून उठतो.