'सर्वोत्तम' म्हणजे नेमकं काय? गोल्डन बॉलची चिकित्सा

सिनॉप्सिस लिहायला बसलं की शीर्षकात काही शब्द हमखास येतात : परिणामकारक, यशस्वी, दर्जेदार, सर्वोत्तम. हे शब्द मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा माहिती गोळा करून झाल्यावर पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. असं झालं की काय होतं, हे समजून घ्यायला फुटबॉल विश्वचषकाच्या 'गोल्डन बॉल'चं उदाहरण फार उपयोगी आहे. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हा पुरस्कार 1982 पासून दिला जातो, आणि तेव्हापासून त्यावर वादही झडत आलेत.

आधी उपलब्ध माहिती पाहू. 1982 ते 2022 या काळात 11 वेळा हा पुरस्कार दिला गेला. त्यातले 4 मानकरी विजेत्या संघाचे : रॉसी, मॅराडोना, रोमारिओ आणि 2022 चा मेसी. 5 जण अंतिम सामना हरलेल्या संघांचे. उरलेले दोघे, 1990 चा स्किलाची आणि 2010 चा फोर्लान, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या संघांतले. म्हणजे 'जिंकणाऱ्यालाच देतात' हा आरोप टिकत नाही; 1998 ते 2018 या सलग 6 स्पर्धांत मानकरी विजेत्या संघाचा नव्हताच. पण अकराच्या अकरा जण उपांत्य फेरी गाठलेल्या संघांतले आहेत, हेही खरं. 2014 मध्ये कोलंबियाच्या हामेस रोड्रिगेझने 5 सामन्यांत 6 गोल केले, स्पर्धेत सर्वाधिक. त्याचा संघ उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडला आणि गोल्डन बॉल दुसरीकडे गेला. पुरस्कार खेळाडूचा म्हणायचा, पण मोजमापात संघाचा प्रवास मिसळलेला आहे. संशोधनाच्या भाषेत, दोन चलं एकमेकांत अडकली आहेत.

आता सगळ्यात गाजलेला वाद. 2002 मध्ये जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याने अंतिम सामन्याआधीच्या 6 सामन्यांत मिळून एकच गोल स्वीकारला होता. योकोहामाच्या अंतिम सामन्यात रिवाल्डोचा फटका त्याच्या हातून निसटला, रोनाल्डोने तो जाळ्यात ढकलला, पुढे आणखी एक गोल केला आणि ब्राझील 2-0 ने जिंकलं. रोनाल्डोचे स्पर्धेत 8 गोल झाले. गोल्डन बॉल मात्र कानला. कारण पत्रकारांची मतं अंतिम सामन्याआधीच घेतली होती.

यावर नेहमीची टीका अशी की मतदान घाईत झालं. मला ही टीका अर्धवट वाटते. समजा, मतदान नंतर घेतलं असतं. मग एका निसटलेल्या चेंडूने आधीच्या 6 सामन्यांचं काम पुसून टाकलं असतं. ते जास्त न्याय्य ठरलं असतं का? निकाल कळल्यावर मागे वळून कामगिरी जोखणं हाही पूर्वग्रहच आहे. आधी मत घेतलं तर माहिती अपुरी, नंतर घेतलं तर निकालाची छाया. दोन्हीकडे तोटा आहे. खरा प्रश्न वेळेचा नाहीच. अंतिम सामना हा सातातला एक सामना धरायचा की त्याला जास्त वजन द्यायचं, हे कुणी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते ठरलं असतं, तर मतदानाची वेळ आपोआप ठरली असती.

2006 मध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. बर्लिनच्या अंतिम सामन्यात झिनेदिन झिदानने माटेराझ्झीच्या छातीवर डोकं मारलं आणि 110 व्या मिनिटाला लाल कार्ड घेतलं. फ्रान्स पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. गोल्डन बॉल झिदानला मिळाला : त्याला 2012 गुण, इटलीचा कर्णधार फाबिओ कॅनाव्हारोला 1977. फरक 35 गुणांचा. बरीच मतं सामना संपण्याआधीच पडली होती. इथे वर्तन हा 'सर्वोत्तम'चा भाग आहे का, हा प्रश्न मत देणाऱ्यांपैकी अनेकांसमोर आलाच नाही.

कॅनाव्हारोची बाजू बघा. तो सातही सामने पूर्णवेळ खेळला. त्या स्पर्धेत इटलीवर 2 गोल झाले : एक स्वयंगोल आणि एक पेनल्टी. म्हणजे चालू खेळात प्रतिस्पर्ध्याच्या एकाही खेळाडूला इटलीवर गोल करता आला नाही. पण बचावपटूचं काम म्हणजे न घडलेल्या गोष्टी, आणि त्या तक्त्यात मांडता येत नाहीत. गोल मोजता येतात, म्हणून आपण दुधाची तहान ताकावर भागवतो. त्याच वर्षी कॅनाव्हारोला बॅलन डी'ओर मिळाला, हा मुद्दा लोक पुराव्यासारखा मांडतात. तो जपून वापरा. तिथे मतदार वेगळे, आणि क्लबसाठीचा खेळही धरलेला. दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची उत्तरं शेजारी ठेवून एक चूक आणि एक बरोबर, असं म्हणता येत नाही.

मोजपट्टीच्याही आधी एक पायरी असते : यादी कुणाची? 2010 मध्ये स्पेनने 7 सामन्यांत फक्त 2 गोल स्वीकारले आणि बाद फेरीचे चारही सामने 1-0 असे जिंकले. उपांत्य सामन्यातला तो एकमेव गोल तर बचावपटू पुयोलचा. तरीही गोल्डन बॉलच्या 10 जणांच्या नामांकन यादीत एकही बचावपटू नव्हता, गोलरक्षकही नव्हता. आजवरच्या 11 मानकऱ्यांत बचावपटू शून्य आहेत. अकरा हा आकडा लहान आहे, त्यावरून मोठे सिद्धांत बांधू नयेत. पण नामांकनातच जे नाहीत ते मतदानातून निवडून येणार कसे? तुमच्या नमुना निवडीतही अशी चाळणी लागलेली असते. तिची छिद्रं कुणाला अडवतात, हे तपासलं पाहिजे.

'पत्रकारांऐवजी तज्ज्ञ बसवा' हा उपाय लगेच सुचतो. 2014 मध्ये निवड फिफाच्या तांत्रिक अभ्यासगटाने केली. मेसीची निवड झाली. तो पहिल्या चारही सामन्यांत सामनावीर होता, पण त्याचे चारही गोल गटसाखळीतले होते आणि अर्जेंटिना अंतिम सामना हरलं. वाद इतका झाला की फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांनीही आश्चर्य व्यक्त केलं. परीक्षक बदलले, प्रश्न तसाच राहिला. व्याख्या संदिग्ध असेल तर हुशार परीक्षकही आपापली व्याख्या घेऊन बसतो.

मग हा पुरस्कार निरर्थक आहे का? तसं मी म्हणणार नाही. काय आवडलं याची नोंद म्हणून त्याला किंमत आहे. 2018 मध्ये तो लुका मॉड्रिचला मिळाला, गोलांच्या यादीत वर नसलेल्या, मधल्या फळीतून खेळ चालवणाऱ्या माणसाला. निव्वळ आकडे मोजणाऱ्या यंत्रणेला हे कदाचित जमलं नसतं. माणसाचा निर्णय नको, असा माझा मुद्दा नाही. तो निर्णय कशाच्या आधारावर झाला हे दुसऱ्याला तपासता यावं, एवढीच मागणी आहे.

आता हे तुमच्या कामाला लावा. समजा विषय आहे 'जिल्ह्यातील यशस्वी बचत गटांचा अभ्यास'. यशस्वी म्हणजे वेळेवर कर्जफेड, सदस्यांचं वाढलेलं उत्पन्न, की दहा वर्षं न मोडता टिकलेला गट? तिन्ही व्याख्यांत वेगवेगळे गट निवडले जातील, आणि निष्कर्षही बदलतील. कार्यात्मक व्याख्येचं प्रकरण म्हणजे मागच्या प्रबंधातून उतरवायचा परिच्छेद नव्हे. त्यात चार गोष्टी लिहा : काय मोजणार, कोणत्या काळातलं मोजणार, यादीतून कोण आपोआप वगळलं जातंय, आणि दोन निकषांत भांडण लागलं तर कुणाचं ऐकणार. चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत. गोल्डन बॉलचे वाद तिथेच पेटतात, आणि व्हायवातले प्रश्नही.

एक सराव सुचवतो. पुढची कुठलीही मोठी स्पर्धा सुरू होण्याआधी तुमचे निकष कागदावर लिहा, तारीख घाला आणि घडी करून ठेवा. स्पर्धा संपल्यावर त्याच निकषांनी खेळाडू निवडा. निवड मनासारखी आली नाही तर हात निकष बदलायला शिवशिवतील. तसं झालं, तर नेमकं काय बदलावंसं वाटलं आणि का, ते त्याच कागदाच्या मागे लिहून काढा. मार्गदर्शकांना दाखवायला तो कागद चांगला आहे.