'दुसासा २' : धातूचे वस्त्र आणि अनामिक हात

घानामध्ये १९४४ साली जन्मलेले आणि १९७५ पासून नायजेरियातील न्सुक्का येथील विद्यापीठात दीर्घकाळ शिल्पकलेचे अध्यापन केलेले एल अनात्सुई यांचे 'दुसासा २' हे २००७ मधील शिल्प न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहे. त्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते मांडले गेले होते. मद्याच्या बाटल्यांचे ॲल्युमिनियमचे अवशेष, तांब्याची तार आणि प्लॅस्टिकच्या चकत्या एवढीच त्याची सामग्री. सुमारे २० फूट उंच व २४ फूट रुंद असा हा पट दुरून जरतारी वस्त्रासारखा भासतो. जवळ गेल्यावर मात्र चेपलेले पत्रे आणि तारेचे पीळ दिसू लागतात.

या कृतींचा विचार प्रायः दोन अंगांनी होतो. एक, घानातील केंटे या हातमागाच्या वस्त्राशी असलेले साम्य. दुसरे, युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत आणलेले मद्य आणि गुलामांचा व्यापार यांचा संदर्भ. दुसरे अंग महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. परंतु ही झाकणे त्या काळातील नव्हेत. ती आजच्या नायजेरियातील बाटल्यांची आहेत. व्यापाराचा तो इतिहास झाकणात दिसत नाही. कलावंताच्या निवेदनातून आणि संग्रहालयाच्या माहितीफलकातून तो प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. फलक न वाचणाऱ्याच्या वाट्याला केवळ सौंदर्य येते, आणि ते इतके भरघोस आहे की यातनेची आठवण त्यात सहज विरघळून जावी. ही या कृतीची मर्यादाच मानावी लागेल.

अधिक विचार करण्याजोगे आहे ते शीर्षक. 'दुसासा' या एवे भाषेतील नावात गावकऱ्यांनी मिळून केलेल्या ठिगळकामाची कल्पना आहे. प्रत्यक्षातही पत्रे चेपणे, दुमडणे, त्यांना भोके पाडणे आणि तारेने बांधणे हे काम न्सुक्का येथील कार्यशाळेतील अनेक साहाय्यकांनी केले; तयार तुकड्यांची जुळणी अनात्सुई ठरवीत. मराठी वाचकाला येथे गोधडी आठवेल, पण ही तुलना फार ताणता येणार नाही. गोधडी कोणी शिवली हे घरात ठाऊक असते. येथे शीर्षक समूहाचे आणि श्रेय एकाचे. समूहाला नावात स्थान मिळाले खरे, पण तो अनामच राहिला. हा अंतर्विरोध कृतीच्या बाहेरचा नाही.

मांडणीच्या बाबतीत मात्र अनात्सुई खरोखर उदार आहेत. पट लवचीक असल्याने तो घडी करून नेता येतो, आणि भिंतीवर टांगताना चुण्या कशा पडाव्यात हे ते बहुधा मांडणाऱ्यांवर सोपवितात. त्यामुळे शिल्पाला एकच अंतिम रूप राहत नाही. वस्तू आहे तशी जपणे हे ज्या संस्थेचे कार्य, तिलाच येथे दर वेळी रूपाचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणजे साहाय्यकांना न मिळालेला अधिकार संग्रहालयाला मिळतो. हेच संग्रहालय शिल्पाची मापे सेंटिमीटरच्या अंशापर्यंत नोंदविते. कलावंत म्हणून नोंदीत नाव मात्र एकट्या अनात्सुईंचे आहे.