टँगो कुणाचा?

‘अर्जेंटिनाचा टँगो’ हे शब्द आपल्याकडच्या लेखनात इतके सराईतपणे येतात की त्यातला ‘चा’ कुणाला खटकत नाही. मला खटकतो. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या संचलनात अर्जेंटिनाचे पथक ‘ला कुंपार्सिता’च्या सुरांवर चालले, तेव्हा शेजारच्या उरुग्वेने सरकारी पातळीवर निषेध नोंदवला होता. टँगोंमधली ही सर्वांत गाजलेली चाल बांधणारा हेरार्दो मातोस रोद्रिगेस हा मोंतेविदेओचा, म्हणजे उरुग्वेचा. १९२४ साली तिच्यावर शब्द चढवले ते मात्र दोघा अर्जेंटिनी गीतकारांनी.

रिओ दे ला प्लाताच्या मुखाशी हे दोन देश समोरासमोर आहेत. त्यामुळे हे भांडण मला भावकीतल्या बांधाच्या भांडणासारखे वाटते. दोघांचेही नसलेले त्यात सोयीने बाजूला राहते. बंदोनियन हे टँगोचे प्राणवाद्य जर्मनीचे. त्याला नाव मिळाले ते क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडवरून. (आपली पेटीही पॅरिसहूनच आली. दोन्ही वाद्ये भात्याच्या हवेवर रीड वाजवणारी. पण पेटीवाचून भजनाची कल्पना करून पाहा!)

वाद्य परके असण्याचे मला विशेष वाटत नाही. गळालेल्या वाद्याचे वाटते. वसाहतकाळातल्या कागदपत्रांत ‘टँगो’ हा शब्द दोन्ही काठांवर आढळतो, तो गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या नाचगाण्याच्या मेळाव्यांसाठी. तिथे ढोल होते. पुढे रूढ झालेल्या टँगोच्या वाद्यवृंदात बंदोनियन, व्हायोलिन, पियानो आणि डबल बास आहेत, ढोल नाही. विसेंते रोस्सी यांनी १९२६ साली ‘कोसास दे नेग्रोस’ या पुस्तकात टँगोचे मूळ कृष्णवर्णीय समाजात शोधले. त्यांचा मोंतेविदेओचा आग्रह मला पटत नाही, तेही पुन्हा काठाचेच भांडण. पण त्यांनी बोट ठेवले ते योग्य जागी. ब्वेनोस आइरेसच्या उच्चभ्रूंनी तर हा गरीब वस्त्यांतला नाच जवळ केला, तो १९१३च्या सुमारास पॅरिसने डोक्यावर घेतल्यानंतर.

२००९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत टँगोची नोंद झाली, अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावे. त्याच वर्षी मोंतेविदेओतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोलवादन, कांदोम्बे, याचीही नोंद झाली. ती एकट्या उरुग्वेच्या नावे. टँगोच्या नोंदीत गुलामांच्या वंशजांचा उल्लेख आहे. त्यांचे ढोल मात्र दुसऱ्या नोंदीत आहेत.