‘का’ गाळणारे धडे

रिॲक्टचं २०२३मध्ये आलेलं नवं अधिकृत मार्गदर्शन मी पुस्तक वाचावं तसं वाचलं. त्यातलं सर्वांत मोलाचं प्रकरण ‘इफेक्ट’ हे साधन कधी वापरू नये, ते सांगतं. बहुतेक व्हिडिओ कोर्स नेमकं हेच गाळतात. काय टाइप करायचं ते दाखवतात. का, ते नाही. म्हणूनच २०१९मध्ये हुक्स आले, तेव्हा नुसता क्लासचा साचा पाठ केलेल्यांची पंचाईत झाली.

मार्गदर्शनात उणीवही आहे. जावास्क्रिप्ट येतेच, असं ते गृहीत धरतं. मोबाइलच्या पडद्यावर त्यातला सरावही जिकिरीचा होतो.

आमच्याकडं नीरा डावा कालवा बारामतीहून पुढं इंदापूर तालुक्यात जातो. टेलचा शेतकरी आधी पाण्याची पाळी बघतो, मग पीक ठरवतो. आपण मात्र आधी फ्रेमवर्क निवडतो. त्याऐवजी पाळीचं वेळापत्रक दाखवणारं एक पान आधी साध्या एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्ये करा, मग तेच रिॲक्टमध्ये. दुसऱ्यांदा काय सोपं झालं, हे सांगता आलं तर ते तंत्र कळलं. काहीच सोपं झालं नाही, तर त्या पानाला रिॲक्टची गरजच नव्हती. हेही शिकणंच.