मद्यासक्तीच्या उपचारातील आभासी वास्तव : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर मद्याला न शिवलेला रुग्ण घरी परतताच पुन्हा पिऊ लागतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मानसशास्त्र याचे एक कारण अभिजात अभिसंधानात शोधते. ग्लासांचा आवाज, दारूचा वास, ठरलेली वेळ व सोबती हे सारे मद्याशी जोडले जातात आणि त्यांच्या केवळ सान्निध्याने तलफ जागी होते. रुग्णाला अशा संकेतांसमोर आणायचे, परंतु पिऊ द्यायचे नाही, म्हणजे ही जोडणी क्षीण होईल, हे संकेत-सान्निध्य उपचाराचे तत्त्व होय. आभासी वास्तव हे या उपचाराचे नवे साधन आहे. त्याच्या सामर्थ्याची व मर्यादांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तंत्राचे सामर्थ्य

बार्बरा रॉथबॉम व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंचीच्या भयावर आभासी वास्तवाचा यशस्वी वापर केला. त्यानंतर हे तंत्र व्यसनांकडे वळले. ह्यूस्टन विद्यापीठातील पॅट्रिक बोर्डनिक यांच्या २००८ च्या अभ्यासात आभासी दृश्यांच्या जोडीला गंधाचाही उपयोग केला गेला आणि अशा वातावरणात मद्याची ओढ वाढते, असे दिसून आले. बार्सिलोना येथील संशोधकांनी घर, उपाहारगृह, बार व पब अशी चार दृश्ये सिद्ध केली. टेबलावर ठेवलेल्या बाटलीपेक्षा ही दृश्ये जीवनाच्या अधिक जवळची आहेत आणि समुपदेशकाला त्यांची तीव्रता कमीअधिक करता येते. हा लाभ निर्विवाद आहे.

पुराव्याची तपासणी

सेऊलमधील डग ह्यून हान व सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास या संदर्भात विशेष गाजला. त्यात १२ रुग्णांना पाच आठवड्यांत दहा सत्रे देण्यात आली. प्रथम शांत दृश्य, मग मद्यपानाचा प्रसंग आणि अखेरीस ओकारीची किळस आणणारे दृश्य, असा क्रम होता. उपचारानंतर मेंदूच्या लिंबिक भागातील वाढलेला चयापचय मंदावल्याचे आढळले. तथापि, येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. सान्निध्य आणि किळस या भिन्न प्रक्रिया एकत्र आल्याने परिणाम कशाचा, हे सांगता येत नाही. शिवाय मेंदूतील बदल म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. रुग्ण वर्षभराने पितो की नाही, हाच अंतिम निकष होय.

सैद्धांतिक अडचण याहून मूलभूत आहे. कॉंकलिन व टिफनी यांनी २००२ मध्ये संकेत-सान्निध्य उपचाराच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा त्याच्या परिणामकारकतेचा सुसंगत पुरावा त्यांना मिळाला नाही. मार्क बाउटन यांच्या संशोधनानुसार विलोपन परिस्थितीशी बांधलेले असते. एका जागी विझलेली प्रतिक्रिया दुसऱ्या जागी पुन्हा उद्भवते. मग हेडसेटमधील पबात शमलेली तलफ पगाराच्या दिवशी देशी दारूच्या दुकानासमोर शमलेलीच राहील, असे कसे मानावे? त्या दुकानात दारूबरोबर मैत्री, थकवा आणि घरची विवंचनाही असते. चित्रणात त्यांना स्थान मिळत नाही.

भारतीय संदर्भ

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ व्यक्तींपैकी एकीलाच काही उपचार मिळतात. म्हणून उपचाराच्या परिणामाइतकाच तो किती जणांपर्यंत पोहोचतो, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार सत्रे दिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांपैकी सुमारे ३६ टक्के पुरुष हानिकारक पातळीतून बाहेर आले होते. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. हे पुरुष तीव्र व्यसनाधीन नव्हते, त्यामुळे सेऊलच्या रुग्णांशी थेट तुलना अयोग्य ठरेल. परंतु अल्प खर्चात माणसाने माणसाशी केलेला संवाद किती दूर पोहोचू शकतो, हे त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

आभासी वास्तव त्याज्य नाही. नकार देण्याचा सराव सुरक्षितपणे करून घेण्यासाठी ते उपयुक्त सहायक ठरू शकते. मात्र दृश्ये रुग्णाच्या परिसरातील असावीत, त्यांत विविधता असावी, दीर्घ पाठपुरावा व्हावा आणि तेवढ्याच खर्चाच्या समुपदेशनाशी तुलना व्हावी. हे होईपर्यंत व्यसनमुक्ती केंद्राचा मर्यादित निधी यंत्रापेक्षा समुपदेशकावर खर्च होणे अधिक न्याय्य ठरेल.