कोमा, मूर्च्छा आणि चरकांचा 'संन्यास'

मागच्या व्याख्यानात आपण सुषुप्तीचा विचार केला. त्यानंतर प्रश्न आला, की मग सुषुप्ती म्हणजेच कोमा का? प्रश्न अगदीच गैरलागू नाही. 'कोमा' ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ गाढ झोप असाच आहे. पण आपल्या परंपरेने या दोन गोष्टी कधीच एक मानल्या नाहीत.

ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेवर स्वतंत्र सूत्र आहे. त्यावरचे शंकराचार्यांचे भाष्य जरूर पाहा. झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न असतो, श्वास एका लयीत चालतो. मूर्च्छिताचा चेहरा भेसूर, डोळे विस्फारलेले, अंगाला कंप. झोपलेला नुसत्या हाताच्या स्पर्शाने उठतो, मूर्च्छित मुद्गराच्या घावानेही उठत नाही. मात्र अंगात ऊब आहे, प्राण आहे, म्हणून तो मेलेलाही नाही. जगाला मिथ्या म्हणणारा हा माणूस रोग्याकडे किती बारकाईने पाहतो, बघा!

चरक आणखी पुढे जातात. सूत्रस्थानाच्या 24व्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन पायऱ्या आहेत. हो, संन्यास! रोगी लाकडासारखा, मेल्यासारखा पडून राहतो, त्या अवस्थेचे हे नाव. पहिल्या दोन अवस्था दोषांचा वेग ओसरला की आपोआप निवळतात. संन्यास औषधाशिवाय हटत नाही. म्हणजे नाव घेतानाच पुढे काय करायचे तेही ठरते. धावपळ करायची की थोडे थांबायचे, हे त्या शब्दातच आहे.

आता आपली मराठी. भोवळ, घेरी, मूर्च्छा, बेशुद्धी, ग्लानी एवढे शब्द घरात असताना आपण सगळ्याला 'कोमात गेला' म्हणतो. महापालिका कोमात, पक्ष कोमात. थट्टेत चालेल हो. माणसाबद्दल बोलताना चालत नाही.

अरुणा शानबाग यांचेच घ्या. 1973 सालच्या हल्ल्यानंतर 2015 साली मृत्यू येईपर्यंत त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात होत्या. '42 वर्षे कोमात' असेच आपण वाचले आणि बोललो. पण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले, तेव्हा त्या कोमात नाहीत आणि मेंदूमृतही नाहीत, असे स्पष्ट झाले. त्यांची अवस्था बहुतांशी 'व्हेजिटेटिव्ह' प्रकारची होती. कोमात डोळे मिटलेले असतात आणि झोप-जागेचे चक्र थांबते. या अवस्थेत डोळे उघडतात, चक्र चालू राहते, जाणिवेची खूण मात्र सापडत नाही. मार्च 2011च्या निकालात अन्न बंद करण्याची परवानगी नाकारली गेली. रोज त्यांना भरवणाऱ्या परिचारिकांचा त्याला विरोधच होता. 'कोमा' एवढेच ऐकलेल्या माणसाला तो विरोध कसा समजणार? कोमातल्या माणसाला कोणी तोंडाने भरवत नाही.

या 'व्हेजिटेटिव्ह'चे 'वनस्पतिवत' हे भाषांतरही आपल्याला पटत नाही. तो शब्द पोषण, श्वसन अशा आपोआप चालणाऱ्या क्रियांना उद्देशून योजलेला आहे. मराठीत आल्यावर माणसाचे झाड झाले, आणि झाडाशी कोण बोलत बसणार?

'जाणीवशून्य जागृती' म्हणून पाहू. थोडे जड आहे खरे. पण निदान त्यात 'जागृती' आहे. नातेवाइकांना खोलीत शिरताच तेच तर दिसते: डोळे उघडे आहेत.