‘तिबेटी’ नादपात्र : एका विशेषणाची चिकित्सा

काशाच्या वाटीच्या कडेवरून लाकडी दांडा दाबून फिरविला असता एक दीर्घ, सलग नाद उमटतो. ध्यानसाधनेत व नादोपचारात त्याचा उपयोग आज जगभर होतो. इंग्रजीत या वाटीला ‘टिबेटन सिंगिंग बोल’ असे नाव रूढ झाले असून तिचे मूळ तिबेटातील प्राचीन मठांत, क्वचित बौद्धपूर्व काळात, असल्याचे सांगितले जाते. या समजुतीचा मुख्य आधार ते नावच होय. म्हणून परीक्षा प्रथम नावाचीच केली पाहिजे.

तिबेटी बौद्ध विधींतील वाद्ये सुपरिचित आहेत : ड्रिल्बू ही हातघंटा, डमरू, दुंगचेन हा लांब कर्णा, सनईच्या जातीचे ग्यालिंग आणि रोलमो व सिलन्येन या झांजा. विधीतील त्यांची स्थाने व वादनाचे संकेत ठरलेले आहेत. या मालिकेत घासून वाजविण्याची वाटी नाही. तेथील वाट्या आहेत त्या मूर्तीपुढे पाणी अर्पण करण्याच्या. चीनमधील ‘छिंग’ व जपानमधील ‘रिन’ ही वाटीच्या आकाराची वाद्ये खरीच; पण पठणाचे टप्पे दर्शविण्यासाठी त्यांवर आघात केला जातो. नादपात्राचे काही पुरस्कर्ते गुप्त मौखिक परंपरेकडे बोट दाखवितात. अनुल्लेख म्हणजे अभाव नव्हे, हे मान्य केले तरी गुप्ततेचा हवाला हा अस्तित्वाचा पुरावा ठरत नाही.

या नावाच्या प्रसारात हेन्री वुल्फ व नॅन्सी हेनिंग्ज यांच्या ‘टिबेटन बेल्स’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकेचा वाटा मोठा आहे. तीत घंटा व वाट्या यांचे नाद विधीपासून वेगळे काढून केवळ श्रवणासाठी मांडले आहेत. ही मांडणी नवी होती आणि कलाकृती म्हणून तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु शीर्षकातील विशेषणाने सूचित केले ते वातावरण; श्रोत्यांनी त्यातून वाचली ती वंशावळ.

वाटीची धातू निराळीच कथा सांगते. ती सात ग्रहांच्या सात धातूंची असते, असा प्रवाद आहे. वस्तुतः ती बहुधा तांबे व कथील यांच्या मिश्रणाची, साधारणतः ७८ व २२ या प्रमाणातील काशाची असते. हिमालयाच्या दक्षिणेस, विशेषतः नेपाळात, अशी भांडी ठोकून घडविण्याची परंपरा आहे. संस्कृत ‘कांस्य’ पासून मराठी ‘कांसे’ आणि ‘कांस्यकार’ पासून ‘कासार’ हे शब्द आले, ते याच धातुव्यवहारातून. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याचा उपाय महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. तोही जेवणाच्या भांड्याला लाभलेला दुसरा उपयोगच होय. नादपात्राच्या बाबतीतही भांडे आधी व साधना नंतर, हाच क्रम अधिक संभवनीय दिसतो.

‘चिनी मातीची बरणी’ म्हणताना ती चीनमधून आली असे कोणी मानीत नाही. तेथे विशेषण केवळ प्रकारवाचक उरले आहे. ‘तिबेटी’ हे विशेषण मात्र प्रकार सांगत असताना प्रामाण्यही मागते. त्याची किंमत दुहेरी आहे. १९५९ नंतर निर्वासित झालेल्या समाजाची खरी वाद्यपरंपरा व मंत्रपठण या लोकप्रिय प्रतिमेआड झाकले जाते. काही तिबेटी लेखकांनी हा आक्षेप स्पष्टपणे घेतला आहे. दुसरीकडे साधनेचे परीक्षणही टळते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात ६२ व्यक्तींचा ताण नादश्रवणानंतर कमी झालेला आढळला. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने तो परिणाम नादाचा की निवांत पडून राहण्याचा, हे त्यावरून ठरत नाही. असे प्रश्न प्राचीनतेच्या आधाराने सुटत नाहीत.

नादातून मिळणारी शांती खरी असू शकते, आणि अर्वाचीन साधना अर्वाचीन आहे एवढ्यानेच हीन ठरत नाही. मात्र जिचा लिखित इतिहास जेमतेम अर्धशतकाचा आहे, तिने दुसऱ्या समाजाच्या नावावर सहस्रकांचे वय सांगू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.